जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसऱ्या गाडीच्या सीट: काम देण्याआधी वाचा

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, फियाट १२४ स्पायडर अशा जुन्या गाड्या घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: गाडी झकास पळते, पण तासाभरात कंबर धरते. मग कोणीतरी सुचवलेलं असतं की अमक्या नव्या गाडीच्या सीट ‘सरळ बसतात’. सरळ काहीच बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसवता मात्र बरंच काही येतं. त्यासाठी काय करावं लागतं, आम्ही कशाला हो म्हणतो आणि कशाला नाही, ते या पत्रकात लिहिलं आहे.

आधी जुनीच सीट पाहू

कंबर धरते याचा अर्थ सीट वाईट आहे असा होत नाही. या काळातल्या बऱ्याच सीटमध्ये गादीखाली रबरी पट्टे किंवा रबराचा ताणलेला पडदा असतो. चाळीस-पन्नास वर्षांनी तो लोंबतो, वरच्या फोमचा भुगा होतो आणि आपण जवळजवळ सांगाड्यावर बसतो. नवे पट्टे, नवा फोम आणि कमरेशी थोडा जास्त भराव एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम भागतं. खर्च कमी, गाडी अस्सल राहते, तळाला हात लावावा लागत नाही. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही सीट उलटी करून खालून बघतो. त्यात आमचं मोठं काम हातचं गेलं तरी चालेल.

सीट बदलण्याची खरी कारणं दोन. एक, तुमची उंची किंवा पाठीचं दुखणं असं की जुना सांगाडाच जुळत नाही. दुसरं, डोक्यामागचा आधार. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना पुढच्या सीटवर हेडरेस्ट १ जानेवारी १९६९ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या पुष्कळ स्पोर्ट्स कारच्या सीटची पाठ खांद्यापर्यंतच येते. मागून कोणी ठोकलं तर मान सावरायला काहीच नसतं. निव्वळ या कारणासाठी कोणी सीट बदलायला आलं तर आम्ही वाद घालत नाही.

टेप घेऊन बसा

लोक गादीची रुंदी मोजून येतात आणि म्हणतात, मापात आहे. गादी अडत नाही, अडतं दुसरंच. दार लावून तीन उंचींवर माप घ्या: जमिनीलगत, गादीच्या पातळीला आणि खांद्यापाशी. बहुतेक गाड्यांत मधला टनेल, म्हणजे दोन सीटच्या मधला पत्र्याचा उंचवटा, खाली रुंद आणि वर निमुळता असतो, म्हणजे जमिनीलगतची जागा सगळ्यात कमी. गादी मजेत मावते आणि तिच्याखालचे रनर, म्हणजे सीट पुढेमागे सरकवणाऱ्या पट्ट्या, टनेलच्या उतारावर चढून बसतात. वरच्या बाजूला पाठीचे फुगीर काठ दाराच्या आर्मरेस्टला किंवा काच फिरवण्याच्या हँडलला लागतात. एमजीबीमध्ये हँडब्रेक टनेलच्या कडेला, सीटला चिकटून असतो. तिथे दोन बोटांची जागा कमी झाली की हँडब्रेक ओढताना हात सोलवटतो.

मग मध्यरेषा. सीट रिकाम्या जागेच्या मधोमध बसवायची नसते, स्टीअरिंगच्या समोर बसवायची असते. जुन्या गाड्यांत स्टीअरिंग आणि पेडल आधीच थोडी तिरकस असतात. त्यात सीट आणखी सरकली की कंबर पिळलेली राहते आणि नव्या सीटवरही तेच दुखणं सुरू होतं.

सगळ्यात जास्त बेत फसतात ते उंचीवर. आजच्या गाडीत माणूस उंच बसतो. गादीखाली उंची कमीजास्त करण्याची यंत्रणा, कधी मोटर, वर जाड फोम. तीच सीट स्पोर्ट्स कारच्या तळावर ठेवली की डोळे थेट समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीसमोर येतात आणि मांड्या स्टीअरिंगखाली अडकतात. मोकळी सीट मोजून काही कळत नाही. माणूस बसल्यावर गादी दबून तळापासून जी उंची उरते, तीच खरी.

ही चाचणी आम्ही एकही भोक पाडण्याआधी घेतो. सीट बोल्टशिवाय प्लायच्या पट्ट्यांवर ठेवतो आणि तुम्हाला पंधरा मिनिटं बसवतो, गाडी चालवताना घालता तेच बूट घालून. हूड, म्हणजे गाडीचं कापडी छप्पर, वर ओढून लावतो. क्लच पार तळापर्यंत दाबायला सांगतो. मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि बघायचं की बोटांची पेरं मांडीला घासतात का. एकेक पट्टी काढत किंवा घालत योग्य उंची सापडते, पुढची कड किती उचलायची तेही तेव्हाच ठरतं. गाडी दोघं चालवत असाल तर दोघांनीही या. बुटक्याला जमलेली उंची उंच माणसाला हमखास नडते.

मागची बाजू विसरू नका. पाठ थोडी कलती केल्यावर ती मागच्या पत्र्याला टेकते का, हेडरेस्ट हूडच्या सांगाड्यात अडकतो का, हे हूड उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा बघावं लागतं.

कोणत्या गाडीची सीट?

या मापांतून गेल्यावर यादी फार छोटी उरते. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या सीट जुन्या ब्रिटिश रोडस्टरमध्ये (दोन सीटच्या उघड्या गाड्यांमध्ये) इतक्या दिसतात, ते उगाच नाही. १९८९ मध्ये आलेली ती गाडी स्वतःच छोटी आणि बसकी, त्यामुळे सीट अरुंद, खोलगट आणि कमी उंचीची. पहिल्या पिढीच्या काही सीटच्या हेडरेस्टमध्ये स्पीकरही आहेत. हूड उघडं असताना ते खरंच उपयोगी पडतात. तरी तिचे पाय तिच्या तळासाठी घडवलेले आहेत. एमजीबीच्या तळाला ते जुळत नाहीत, ब्रॅकेट करावेच लागतात.

मोठ्या सेदानच्या विजेवर हलणाऱ्या गुबगुबीत सीट घेऊन येऊ नका. वजन, उंची आणि रुंदी, तिन्ही ठिकाणी त्या नापास होतात.

डावी सीट डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच बसते, कारण पाठ कलती करण्याचा खटका दाराकडे आणि सीटबेल्टच्या पट्ट्याचं बकल टनेलकडे असावं लागतं. डोनर गाडीचं, म्हणजे जिची सीट काढून घेतली तिचं, स्टीअरिंग तुमच्या गाडीच्या उलट बाजूला असेल तर उंची बदलण्याची सोय नेमकी तुमच्या शेजाऱ्याच्या सीटला मिळते. मागे छोटी सीट असलेल्या गाडीत पाठ पुढे झुकणारी हवी, आणि झुकल्यावर जागच्या जागी कुलूपबंद होणारीही.

ठोकलेल्या किंवा पाण्यात बुडालेल्या गाडीची सीट आम्ही बसवत नाही. सांगाडा डोळ्यांना सरळ दिसला तरी पाठीच्या खटक्याचे दात झिजलेले किंवा ताणलेले असू शकतात. रनर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खट्कन बसले पाहिजेत. एकाच बाजूला लॉक होणारी सीट ब्रेक मारल्यावर तिरकी होते.

खरं काम तळाचं

सीट वर दिसते, पण आमचा निम्म्याहून जास्त वेळ जातो तिच्याखालच्या पत्र्यात. कार्पेट उचललं की बहुतेक वेळा गंज निघतो, त्यातही सीटच्या बोल्टभोवती, कारण तिथे ओल साचते. एमजीबीत रनरखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या ओल धरून ठेवतात. पत्रा टोचणीने भोसकला जात असेल तर आधी वेल्डिंग, मग सीट. यावर आम्ही घासाघीस करत नाही.

कारण आकड्यांचं आहे. अमेरिकन नियमानुसार सीट आणि तिचे जोड सीटच्या वजनाच्या वीसपट जोर सहन करायला हवेत. सीट १५ किलोची धरली तरी हा ओढा ३०० किलोंचा झाला, आणि त्यात माणूस धरलेला नाही. एवढा जोर पातळ पत्र्यातल्या चार भोकांवर आला तर बोल्ट तुटत नाही, वॉशरसकट पत्र्यातून उपटून येतो.

म्हणून शक्य तिथे आम्ही गाडीच्या मूळ जागाच वापरतो, म्हणजे आडव्या मजबुतीच्या पट्टीत कारखान्याने दिलेले नट. नवी भोकं पाडावीच लागली तर पत्र्याखाली पोलादी प्लेट येते. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमात सीटच्या आधाराला किमान चार जोड, ८ मिलिमीटरचे बोल्ट आणि पोलादाची किमान ३ मिलिमीटर जाडीची प्लेट सांगितली आहे. प्रत्येक जोडापाशी टेकणारी जागा किमान ४० चौरस सेंटीमीटर. तुम्ही शर्यतीत उतरणार नसाल, तरी रस्त्याच्या गाडीला यापेक्षा कमी का द्यावं, याचं कारण आम्हाला सापडत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे (हा मजबुतीचा आकडा) किंवा त्याहून वरचे. डोक्यावर आकडा कोरलेला असतो, स्वतः बघून घ्या. ब्रिटिश गाड्यांतले जुने नट यूएनएफ, म्हणजे इंचातल्या मापाच्या बारीक आट्यांचे आणि डोनर सीटचे बोल्ट मेट्रिक असतात. दोन-तीन आटे कसेबसे फिरतात आणि मग अडतं. तिथे पान्याला जोर दिला की आटे गेले.

उंची जुळवायला वॉशरची चळत रचायची नाही. त्या जागी जाड भिंतीची पोलादी नळी मापात कापून घालतो किंवा ब्रॅकेटच तेवढा उंच करतो. रनरच्या सरकत्या भागावर वेल्डिंग मुळीच करत नाही. उष्णतेने तो वाकतो, आतलं प्लास्टिक वितळतं आणि सीट नेमकी वळणावर अडकते. लोटस एलानसारख्या फायबरग्लासच्या गाड्यांचा विचार वेगळा. तिथे जोर नुसत्या फायबरवर सोडता येत नाही, म्हणून गाडी बघितल्याशिवाय काही कबूल करत नाही.

पट्टा कुठे बांधला आहे?

हा प्रश्न ग्राहक क्वचितच विचारतात, म्हणून आम्हीच विचारतो. जुन्या गाड्यांत पट्ट्याची टोकं गाडीच्या पत्र्याला बांधलेली असतात. नव्या गाड्यांत बकल बहुधा सीटच्या सांगाड्यावरच असतं. ती सीट बकलसकट जुन्या गाडीत बसवली तर धडकेत माणसाचा भारही सीटच्या बोल्टवर येतो. ७५ किलोंचा माणूस आणि गुरुत्वाच्या वीसपट झटका, म्हणजे दीड हजार किलोंचा ओढा. जुना तळ त्यासाठी बनवलेलाच नाही.

आमची पद्धत अशी: सीटवरचं बकल काढतो आणि पट्टा गाडीच्या मूळ जागांनाच बांधतो. तिथला बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच यूएनएफ असतो, देश कुठलाही असो. मूळ जागाच नसेल तर मजबुतीची प्लेट वेल्ड करून नवी जागा करतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत मोटारीच्या तीन-बिंदू पट्ट्याच्या जागा तपासताना खांद्याच्या आणि कमरेच्या भागाला एकाच वेळी प्रत्येकी सुमारे १३५० किलोंचा ओढा देतात, यावरून तिथला पत्रा कसा हवा याची कल्पना येईल.

सीट बदलली की पट्ट्याची रेषाही बदलते. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर खालून बसला पाहिजे. गादीची पुढची कड मागच्यापेक्षा उंच हवी, नाहीतर धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधोमध, मानेला न घासता. उंच पाठीच्या सीटमुळे तो कधी कधी पाठीच्या काठावर अडकतो. तसं झालं तर ती सीट आमच्या दृष्टीने बाद.

एअरबॅग आणि वायरी

सीटच्या पाठीच्या कडेला एअरबॅगची खूण असेल किंवा खालून पिवळा कनेक्टर लोंबत असेल तर ती सीट तशीच आणू नका. त्या वायरीला मीटर लावून बघू नका, बॅटरी तर नाहीच. आत स्फोटक भरलेलं असतं. काही बकलमध्येही पट्टा खेचणारी अशीच नळी असते. ती काढण्याचं आणि नष्ट करण्याचं काम त्याचं प्रशिक्षण असलेल्या माणसाकडूनच व्हावं. आम्ही एअरबॅग नसलेलीच सीट सुचवतो.

सीट गरम करण्याची सोय जोडून देतो, वेगळा फ्यूज आणि रिले लावून. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत कमी वीज देणारा जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे आणि बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे. अशा गाडीत रात्री दिवे, वायपर आणि दोन गरम सीट एकदम चालवायचा हट्ट धरू नये.

कव्हर हा शेवटचा टप्पा. चामडं असो वा रेक्झिन, जुन्या सीटसारखी शिलाई घालून नवी सीट गाडीच्या वयाची दिसेल इतपत करता येते. मापं पक्की होईपर्यंत कापड निवडायला बसू नका.

भेटीला येताना

गाडी आणा, जुन्या सीट काढू नका. डोनर सीट विकत घेण्याआधी तिची मापं आणि खालून काढलेले फोटो पाठवा. आणली आणि बसली नाही असं झालं तर पैसे तुमचे जातात. असा बदल कुठे नोंदवावा लागतो, कुठे तपासून घ्यावा लागतो, हे देशागणिक वेगळं आहे. ते विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. काम झाल्यावर जुन्या सीट, रनर आणि बोल्ट नावाची चिठ्ठी लावून परत देतो. ते विकू नका, कोरड्या जागी ठेवा. गाडी कधी विकायची झाली तर घेणारा पहिल्यांदा त्याच मागेल.

गाडी नेल्यावर साधारण पाचशे किलोमीटरनंतर एकदा परत आणा. नव्या प्लेटखालचा रंग आणि सीलंट दबून बोल्ट किंचित सैल होतात. आम्ही ते टॉर्कच्या पान्याने पुन्हा आवळून देतो, त्याचा वेगळा आकार नाही.