काळी पडणारी स्क्रीन वेगळी, लुकलुकणारी वेगळी

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि मॉनिटर मधूनच दोन-तीन सेकंद काळा पडतोय, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘जी-सिंक बंद कर.’ ते वाचून वाचून मी वैतागलोय.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे कार्ड ज्या वेगाने चित्रं (फ्रेम) देईल त्याच वेगाने मॉनिटरने ती दाखवणं; एनव्हिडिया कंपनीचं त्याचं नाव जी-सिंक. त्यावर जास्त शब्द घालवत नाही. अख्खा पीसीच रीस्टार्ट होत असेल तर आधी पॉवर सप्लाय बघा. ऑल्ट-टॅब करताना क्षणभर काळं झालं तर ते मोड बदलणं आहे, सोडून द्या.

घोळ पुढे आहे. ‘ब्लॅकआउट’ या एकाच नावाखाली लोक दोन तक्रारी सांगतात.

एक फ्लिकर. यात चित्र जात नाही, उजेड वरखाली होतो. व्होल्टेज डगमगलं की बल्बचं होतं तसं. लोडिंग स्क्रीनवर, मेनूत, जिथे फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) उड्या मारतो तिथे. मॉनिटरची सिंकची रेंज (सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो ती) ४८ ते १६५ हर्ट्‌झ असेल तर ४८च्या खाली तीच फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि त्या उंबरठ्यावर ये-जा सुरू झाली की व्हीए आणि ओलेड या प्रकारच्या पॅनेलवर ती डोळ्यांना जाणवते. हे खरोखर सिंकचंच दुखणं. सेटिंग्ज उतरवून फ्रेमरेट स्थिर ठेवला की बरंचसं भागतं.

दुसरा सिग्नलच तुटणं. स्क्रीन ठार काळी, गेमचा आवाज चालू, कधी विंडोजचं उपकरण काढल्या-जोडल्याचं ‘टुडुंग’, मग चित्र परत. हे डेस्कटॉपवर नुसतं बसलेलं असतानाही होतं. इथे संशय केबलवर घ्या.

‘पण हीच केबल जुन्या कार्डावर चार वर्षं चालली!’ हो, चालली. माझं जुनं कार्ड जीटीएक्स ९७० होतं. त्याचं डिस्प्लेपोर्ट १.२ (मॉनिटर जोडायचं पोर्ट) एका लेनवर, म्हणजे केबलमधल्या तारांच्या एका जोडीवर, सेकंदाला ५.४ गिगाबिटच्या पुढे जात नाही. चार लेन मिळून, संकेतनात जातात ते सोडून, कामाचे १७.२८. २५६० बाय १४४०, १४४ हर्ट्‌झ, दर रंगाला ८ बिट यात आरामात बसतं. नव्या कार्डावर मी हौसेने १६५ हर्ट्‌झ आणि १० बिट लावलं. नुसते पिक्सेल मोजले तरी १८.२५ गिगाबिट. म्हणजे लेन ८.१वर चढली, आणि त्या वेगाची परीक्षा त्या केबलने जन्मात दिली नव्हती. त्यात ९७०ला, जी-सिंकची खास चिप असलेले मॉनिटर सोडले तर, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक येतच नाही, म्हणजे तेही त्याच दिवशी पहिल्यांदा चालू झालं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आळ एकीवर आला.

म्हणून एका वेळी एकच बदला. सिंक बंद करून १६५ हर्ट्‌झ, १० बिट तसंच ठेवा आणि तासभर थांबा. पंधरा मिनिटांची शांतता म्हणजे पुरावा नव्हे. तरीही काळं पडलं तर सिंक निर्दोष. उलट बाजूने, मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.४चं १.२ करता येत असेल तर करा. काळं पडणं थांबलं तर बोट वेगाकडे, म्हणजे बहुधा केबलकडेच. स्वस्त मॉनिटर ४८ ते ७५ अशा अरुंद रेंजचे असतात. तिथे फ्रेम दुप्पट करायला जागाच नसते आणि काठावर सिंकमुळेही काळं पडू शकतं. पण ते फ्रेमरेट पडल्यावरच, एक्सेल उघडून बसलेलं असताना नाही.

आणि ‘१.४ची केबल’ म्हणू नका. १.४ ही पोर्टची आवृत्ती. केबलवर बघायचं ते व्हेसाचं, म्हणजे डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणाऱ्या संस्थेचं, डीपी८के प्रमाणपत्र; ते ८.१च्या वेगासाठी असतं. लांबी दोन मीटरच्या आत. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा पुसून टाकण्याचा विधी त्यानंतर, वेळ उरला तर.

माझ्याकडे उलगडा खुर्चीने केला. गॅसलिफ्टच्या (गॅसच्या नळीवर वर-खाली होणाऱ्या) खुर्चीवरून उठलो की स्क्रीन जायची. अशा खुर्चीतून उठताना स्थिर विजेचा झटका हवेत सुटतो आणि काठावर चाललेली केबल तो पकडते. सिंक चालू असो की बंद, उठलो की काळं. प्रमाणित केबल लावल्यावर दहा वेळा उठलो, बसलो; चित्र हललं नाही. सिंक आजही चालू आहे.