द्रवबाधित लॅपटॉपच्या लॉजिक बोर्डावरील वीजदोषांचे निदान

द्रव आत गेल्यामुळे बंद पडलेल्या लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर वीजपुरवठा नेमका कोठे अडला आहे, हे मोजमापांवरून शोधून काढण्याच्या पद्धतीला वीजदोषनिदान म्हणतात. हानी पाण्यापेक्षा त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे आणि बोर्डावर टिकून असलेल्या विद्युतदाबामुळे अधिक होते. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असल्याने काही पुरवठा-रेषा (बोर्डावरील वीजवाहक मार्ग) सतत जिवंत राहतात. तेथे विद्युतविच्छेदन चालू राहते, तांबे विरघळते आणि शेजारच्या बिंदूंमध्ये धातूचे सूक्ष्म तंतू वाढतात. बोर्ड वाळवल्याने पाणी जाते, क्षार मात्र तेथेच राहतात.

म्हणून बॅटरी काढणे हे पहिले काम होय. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट-निळसर गंज पाहिला जातो, पण डाग दिसला म्हणजे दोष सापडला असे नव्हे. वीज न देता प्रत्येक पुरवठा-रेषेचा ग्राउंडशी (शून्य दाबाच्या सामायिक जोडणीशी) असलेला रोध मल्टिमीटरने मोजावा लागतो. प्रोसेसरच्या पुरवठा-रेषेवर एखाद-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी रोध स्वाभाविक असू शकतो. नवशिका तंत्रज्ञ त्यालाच शॉर्ट (रेषेची ग्राउंडशी थेट जोड) समजून चांगला भाग काढून बसतो.

खरा शॉर्ट आढळल्यास बाहेरून सुमारे १ व्होल्ट दाब, प्रवाहाला मर्यादा घालून, त्या रेषेत सोडतात आणि तापणारा भाग उष्णताचित्रक कॅमेऱ्याने किंवा वर सोडलेल्या अल्कोहोलच्या जलद बाष्पीभवनावरून ओळखतात. बहुधा तो एखादा सिरॅमिक कपॅसिटर निघतो. दिलेला दाब त्या रेषेच्या नेहमीच्या दाबापेक्षा अधिक असता कामा नये. शिवाय चार्जर वा बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य रेषेत वीज सोडण्यापूर्वी प्रोसेसरच्या पुरवठ्यातील वरचा मॉस्फेट (मुख्य रेषेकडून वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला नाही याची खात्री करावी लागते. तो शॉर्ट असेल, तर दाब थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचतो.

शॉर्ट नसेल, तर क्रम पाहावा लागतो. आधी मुख्य रेषा, मग सदैव चालू राहणारे ३.३ व ५ व्होल्ट, त्यानंतर मेमरी आणि शेवटी प्रोसेसर, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक नियामक (त्या रेषेचा दाब तयार करणारा परिपथ) परवानगीच्या संकेताची वाट पाहतो आणि स्वतःचा दाब स्थिरावल्यावर पुढे तसे कळवतो. टाइप-सी चार्जरवर दाब आधी ५ व्होल्ट असतो आणि चार्जर व लॅपटॉप यांच्यात संकेतांची बोलणी झाल्यावर तो वाढतो, अनेक लॅपटॉपांत २० व्होल्टपर्यंत. तो ५ वरच अडकल्यास पोर्टचा नियंत्रक आणि त्याचा ३.३ व्होल्टचा पुरवठा आधी तपासणे श्रेयस्कर. या टप्प्यावर परिपथ-आराखडा हाती नसेल, तर काम बरेचसे अंदाजाचे उरते.

सर्वांत त्रासदायक दोष शॉर्टचा नसून गळतीचा असतो. आयसीखाली (चिपखाली) राहिलेल्या क्षारांतून काही किलोओहमची वाट तयार होते, परवानगीचा संकेत खाली ओढला जातो, पण उष्णता जवळजवळ निर्माण होत नसल्याने कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. अशा वेळी अल्ट्रासॉनिक यंत्रात बोर्ड धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढून, पूर्ण वाळवल्यावर पुन्हा मोजतात. तरीही आकडा सुधारला नाही, तर ती आयसी उचलून खालचे पॅड स्वच्छ करण्यावाचून गत्यंतर नसते.