भुताच्या गोष्टीला दोनशे प्रश्नांची परीक्षा : चार्ल्सटनच्या घोस्ट वॉकची पार्श्वभूमी

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात 2018 च्या ऑगस्टपर्यंत एक नियम होता. पैसे घेऊन लोकांना रस्त्यावर फिरवायचं आणि वाटेत चार गोष्टी सांगायच्या, तर आधी शहर प्रशासनाची लेखी परीक्षा पास व्हायला हवं. प्रश्न 200. अभ्यासाला सुमारे पाचशे पानांचं सरकारी पुस्तक. परवान्याशिवाय तोंड उघडलं तर 500 डॉलरपर्यंत दंड किंवा 30 दिवसांपर्यंत कैद. किल्ला, चर्च, बाग दाखवणाऱ्याला हा नियम होता तसाच रात्री कंदील हातात धरून भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यालाही होता. तो कोर्टात टिकला नाही. का टिकला नाही, हे कळायला घोस्ट वॉक, म्हणजे भुताच्या गोष्टींची ही रात्रीची फेरी, हा धंदा या शहरात कसा रुजला ते आधी बघावं लागतं.

जुना इतिहास थोडक्यात. वस्ती 1670 ची, दहा वर्षांनी नदीपलीकडून आजच्या द्वीपकल्पावर हलवलेली. पुढची दोनशे वर्षं पिवळा ताप, आगी, वादळं, युद्धं आणि गुलामांचा बाजार. 31 ऑगस्ट 1886 ला रात्री दहाच्या सुमारास मोठा भूकंप झाला. त्यानंतर भिंती आवळून धरायला घरांतून आरपार लोखंडी सळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या टोकांच्या चकत्या आजही दर्शनी भिंतींवर दिसतात आणि फेरीत हमखास दाखवल्या जातात. शहर नंतर गरीब झालं, म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही. 1931 मध्ये जुन्या वस्तीच्या रक्षणाचा झोनिंग कायदा झाला, अमेरिकेतला त्या प्रकारचा पहिला. घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर मंडळाची मंजुरी. घोस्ट वॉकचं भांडवल म्हणजे जशीच्या तशी राहिलेली गल्ली, आणि ती या कायद्याने राखली.

गोष्टी मात्र कायद्याने राखल्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या, म्हणजे गला समाजाच्या तोंडून आलेल्या आहेत. त्यांच्या बोलीत भुताला ‘हेंट’ म्हणतात. ‘बू हॅग’ ही आपल्या हडळीच्या जातीची, पण ती स्वतःची कातडी उतरवून ठेवते आणि झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसते. दाराशी केरसुणी ठेवली की ती काड्या मोजत बसते आणि तिथेच तिला उजाडतं. व्हरांड्याच्या छताला फिकट निळा रंग देतात तोही हेंटला चकवायला, म्हणजे त्याला वाटावं हे पाणी आहे, ओलांडता येणार नाही. एका गोऱ्या लेखकाने 1908 मध्ये शहरातल्या महिला मंडळींसमोर या गोष्टींवर व्याख्यान दिलं तेव्हा मोठा गहजब झाला. काळ्यांच्या भाकडकथा आणि त्याही इतक्या उघडपणे! त्याचा संग्रह छापून यायला 1946 उजाडलं. ज्या गोष्टी ऐकून 1908 मध्ये श्रोत्यांनी नाकं मुरडली, त्याच गोष्टींवर जवळपास नव्वद वर्षांनी तिकीट लागलं.

तिकिटाची कल्पना इंग्लंडातली. यॉर्कमध्ये 1973 पासून घोस्ट वॉक चालतो आणि या प्रकारातला तो पहिला मानतात. चार्ल्सटनमध्ये संध्याकाळच्या फेऱ्यांनी मूळ धरलं ते 1990 च्या दशकाच्या मध्यावर. त्यामागे साधा हिशोब होता. 1989 च्या ह्यूगो वादळानंतर विम्याच्या आणि मदतीच्या पैशातून जुनी घरं नव्याने चकचकीत झाली. 1996 मध्ये नौदलाचा तळ बंद झाला आणि हजारो पगार गेले. शहराने पर्यटनावर भिस्त ठेवली. दिवसाचे पर्यटक घोडागाड्या, संग्रहालयं, बागा यांत वाटले गेले होते, रात्र मोकळी होती. घोस्ट वॉकला इमारत लागत नाही, घोडा लागत नाही, की तिकीटखिडकी लागत नाही. एक माणूस, एक कंदील आणि पायाला सवय असलेला रस्ता एवढ्यावर धंदा उभा राहतो.

फेरीचा साचा सगळीकडे जवळपास सारखा असतो. सुमारे दीड तास, दीड-दोन किलोमीटर चाल, सहा ते आठ थांबे, प्रत्येक थांब्यावर पाच-सात मिनिटं. याहून जास्त थांबलं की मागचे लोक फोन काढतात. एका गाइडमागे जास्तीत जास्त 20 माणसं, ही शहराची मर्यादा. सगळ्यात मोठी अडचण सूर्याची. जूनमध्ये तो साडेआठला मावळतो, डिसेंबरात सव्वापाचला. उन्हाळ्यात सातच्या फेरीला लख्ख उजेड असतो आणि भुताची गोष्ट उजेडात पडते. म्हणून सात आणि नऊ अशा दोन फेऱ्या असतील तर पहिलीत इतिहास जास्त आणि दुसरीत भूत जास्त, अशी वाटणी करणं शहाणपणाचं. दुसरी अडचण पाण्याची. सिटी मार्केटचा भाग जुन्या खाडीवर भराव टाकून झालेला. बंदरातली भरती सात फुटांवर गेली की सखल रस्त्यांवर पाणी येतं, आणि शरद ऋतूतल्या मोठ्या भरत्या नेमक्या हॅलोविनच्या गर्दीच्या आसपास येतात. भरतीचं वेळापत्रक न बघता मार्ग आखला की वीस माणसं घोटाभर पाण्यात उभी राहतात. तिसरी अडचण आवाजाची. क्वीन स्ट्रीट आणि कंबरलँड स्ट्रीट यांना जोडणाऱ्या फिलाडेल्फिया गल्लीत विटांच्या भिंती इतक्या जवळ आहेत की हळू बोललं तरी घुमतं. परिणामासाठी हे उत्तम, पण भिंतीपलीकडे कुणाची तरी निजायची खोली असते. दफनभूमी तर अंधार पडला की कुलपात. सर्क्युलर चर्चच्या आवारात रात्री गट न्यायचा तर चर्चशी करार लागतो. ज्यांच्याकडे करार नाही ते फाटकाच्या गजांतून थडगी दाखवतात.

आता परवान्याकडे वळू. गाइडला परवाना ही पद्धत घोस्ट वॉकपेक्षा काही दशकं जुनी आहे. हेतू उघड होता : पर्यटकाला कुणी फसवू नये आणि शहराची अब्रू राहावी. परीक्षेत पास व्हायला 80 टक्के लागत. लेखीनंतर तोंडी परीक्षा असे. तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्याला आपली संहिता आधी शहराला दाखवावी लागे. जानेवारी 2016 मध्ये तिघांनी संघीय न्यायालयात दावा लावला. त्यातल्या एकाला घोस्ट वॉकच करायचे होते. काम मिळत होतं, पण परीक्षा काही पार होत नव्हती. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्य देते, मग पैसे घेऊन बोलणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा. दावा दाखल झाल्यावर तीन महिन्यांत शहराने तोंडी परीक्षा काढली, संहिता तपासणं थांबवलं आणि पासाची पातळी 70 वर आणली. चूक नसेल तर घाईघाईने दुरुस्ती कशाला, असा प्रश्न यावर कुणालाही पडेल.

चार दिवसांच्या सुनावणीनंतर 3 ऑगस्ट 2018 ला जिल्हा न्यायालयाने परवान्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. 11 जून 2020 ला अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या निकालाबद्दल बरंच चुकीचं सांगितलं जातं. न्यायालयाने गाइडने खोटं बोलावं असं म्हटलेलं नाही. पर्यटनाचं रक्षण हे शहराचं रास्त काम आहे, हेही मान्य केलं. अडलं ते साधनाच्या निवडीवर. बोलण्यावर घाला घालणारा नियम करण्याआधी कमी त्रासाचे उपाय शहराने खरोखर करून पाहिले होते का? फसवणुकीचे कायदे आहेत, धंद्याची नोंदणी आहे, ऐच्छिक प्रमाणपत्र देता येतं. यातलं काही करून पाहिलं आणि ते फसलं, असा पुरावा शहर देऊ शकलं नाही. शिवाय हा नियम फक्त पैसे घेणाऱ्याला होता. तेच चुकीचं वाक्य कुणी फुकट सांगितलं तर परवान्याचा प्रश्नच येत नसे.

गुंता असा की न्यू ऑर्लिन्सचा जवळपास तसाच परवाना तिकडच्या विभागाच्या वेगळ्या अपील न्यायालयाने 2014 मध्ये वैध ठरवला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये त्यात लक्ष घालायला नकार दिला. त्याच 2014 मध्ये वॉशिंग्टनचा परवाना मात्र तिथल्या अपील न्यायालयाने रद्द केला. जॉर्जियातल्या सवाना शहराने दावा लागल्यावर 2015 मध्ये स्वतःच नियम मागे घेतला. म्हणजे एकच भूत न्यू ऑर्लिन्समध्ये परवान्याशिवाय सांगता येत नाही आणि चार्ल्सटनमध्ये येतं. दोन्हीकडे राज्यघटना तीच.

कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर वाटतो. पण शहराची मूळ चिंता खुळी होती असं म्हणवत नाही. चुकलं ते परीक्षेचं निशाण. रस्त्यावर राहणाऱ्यांच्या तक्रारी गर्दीच्या, आरडाओरड्याच्या आणि अडलेल्या फुटपाथच्या असतात. गाइडने वास्तुशैली चुकीची सांगितली म्हणून कुणी खिडकी उघडून ओरडत नाही. आणि दोनशे प्रश्नांच्या पेपरातून हा माणूस रात्री नऊला कुणाच्या दाराशी किती मोठ्याने बोलेल ते कळत नाही. न्यू ऑर्लिन्सने गटाला 28 माणसांची आणि वेळेला रात्री दहाची हद्द घातली आहे. असे नियम कुठे, कधी, किती जण याबद्दल असतात. काय बोलायचं त्याला ते हात लावत नाहीत. म्हणून कोर्टातही ते सहसा टिकतात.

दुसऱ्या बाजूला, परीक्षा गेल्यावर तारखांची ढिलाई वाढली असं अनेक जुन्या गाइडांचं म्हणणं आहे. पण घोस्ट वॉकमधल्या ठळक चुका परवान्याच्या काळातल्याच आहेत, हे ते विसरतात. मॅगझीन स्ट्रीटवरचा जुना तुरुंग घ्या. इमारत 1802 ची, कैदी 1939 पर्यंत. तिथली नायिका लॅव्हिनिया फिशर. विष घातलेला चहा, पलंगाखालचा चोरदरवाजा, अमेरिकेतली पहिली मालिका-खुनी बाई, आणि फाशीला जाताना अंगात लग्नाचा पोशाख. प्रत्यक्षात 18 फेब्रुवारी 1820 ला तिला आणि तिच्या नवऱ्याला फाशी झाली ती वाटमारीसाठी, खुनासाठी नव्हे. लग्नाचा पोशाख नंतर चिकटला. तुरुंगाच्या मागचा अष्टकोनी भाग 1855 च्या सुमाराचा, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी बांधलेला. तिथल्या कोठडीत ती दिसते असं कुणी सांगितलं तर भूत पत्ता चुकलं म्हणायचं.

तीच गत ओल्ड एक्स्चेंजच्या तळघराची. समुद्री चाचा स्टीड बॉनेट याला इथे डांबलं होतं असं सर्रास सांगतात. त्याला फाशी झाली डिसेंबर 1718 मध्ये आणि ही इमारत पुरी झाली 1771 मध्ये. घोटाळ्याचं कारणही समजण्यासारखं आहे. त्याच जागी आधी तटबंदीचा अर्धचंद्राकृती बुरूज आणि पहारेघर होतं, आणि बुरुजाच्या भिंतीचा तुकडा 1965 मध्ये तळघरात उकरून काढला. ‘याच जागी’ हे ‘याच खोलीत’ होतं आणि पुढच्या गाइडच्या तोंडात तसंच बसतं. ब्रिटिशांनी 1781 मध्ये फाशी दिलेला आयझॅक हेन मात्र खरोखर याच इमारतीत कैदेत होता. त्याची गोष्ट तारखेला पक्की आहे, पण चाचा जास्त खपतो.

सगळ्यात बोचणारी चूक तुरुंगाशेजारची. 1822 च्या फसलेल्या उठावाचा नेता म्हणून फाशी गेलेला डेन्मार्क व्हेसी जुन्या तुरुंगाच्या मनोऱ्यात होता असं सांगितलं जाई. त्याला ठेवलं होतं शेजारच्या ‘वर्क हाउस’मध्ये. गुलामांना फटके मारण्यासाठी मालक जिथे पैसे भरत, तीच ही जागा. तिथली इमारत 1886 च्या भूकंपात निकामी झाली आणि पाडली गेली. उभी इमारत दाखवता येते, नसलेली येत नाही, म्हणून गोष्ट सरकून शेजारी गेली. त्याबरोबर गुलामांच्या छळाची जागाही फेरीतून नाहीशी झाली.

हा भाग आता बदलतो आहे. 2018 च्या जूनमध्ये नगर परिषदेने गुलामगिरीतल्या शहराच्या वाट्याबद्दल 7 विरुद्ध 5 मतांनी माफीचा ठराव केला. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर गुलामांची जहाजं लागत, तिथे 2023 मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं संग्रहालय उघडलं. दिवसा तिथून आलेला पर्यटक रात्रीच्या फेरीत प्रश्न विचारतो, आणि साखळदंडांचा आवाज ऐकू येतो एवढं सांगून भागत नाही. साखळदंड कुणाचे, तेही सांगावं लागतं. जुन्या तुरुंगात या शतकाच्या सुरुवातीपासून रात्रीच्या फेऱ्या होत. मधे तिथे बांधकाम-कलेचं विद्यालय होतं, ते 2016 मध्ये हललं. नंतर इमारतीची डागडुजी करून तिथे कार्यालयं थाटली. परीक्षाही पूर्ण गेलेली नाही. शहर ती अजून घेतं, पण ऐच्छिक. प्रमाणपत्र मिळालेले गाइड ते गळ्यात अडकवतात, आणि तिकीट काढताना ते बघायचं की नाही हे पर्यटकावर सोडलेलं आहे.