एका धाग्याची गाठ: डीएनएला स्वतःच ओवून घ्यायला कसं शिकवलं

गाठ मारताना आपण नकळत एक क्रम पाळतो, आधी वेटोळं करायचं आणि मग टोक त्यातून काढायचं. क्रम उलटा झाला तर कितीही ओढा, हातात सरळ दोरीच येणार. आता हाच धागा एखाद-दुसऱ्या नॅनोमीटर जाडीचा आहे, पाण्यात तरंगतोय आणि टोक धरायला कुणाचा हात नाही असं समजा. डीएनए किंवा आरएनएच्या एकाच धाग्यापासून आपोआप गाठ बसणारी रचना डिझाइन करायची म्हणजे नेमकं हे, आणि इथपर्यंत यायला बरीच वर्षं लागली कारण सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष आकारावर होतं, क्रमाकडे नंतर वळलं.

मुळात रेणूला गाठ बसू शकते हा विचार डीएनएवाल्यांचा नाही. १९६१ मध्ये फ्रिश आणि वॉसरमन या दोन केमिस्टनी लिहिलं होतं की लांब रेणूंच्या कड्या एकमेकांत अडकू शकतात, त्यांना गाठीही पडू शकतात आणि धागा जितका लांब तितकी गाठीची शक्यता जास्त. पुढे डीएनएमध्ये हे खरंच दिसलं. १९७६ मध्ये लिऊ, डेप्यू आणि वांग यांनी एकेरी डीएनएच्या रिंगवर ई. कोलाय बॅक्टेरियातलं एक एन्झाइम टाकलं तर रिंगांना गाठी पडलेल्या सापडल्या. हे एन्झाइम टोपोआयसोमरेज प्रकारचं, म्हणजे धागा तोडतं, दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे जाऊ देतं आणि परत जोडतं. पेशीला असल्या कात्रीची गरज पडते कारण डीएनएची कॉपी करताना गुंता होतोच. तेव्हा गाठ म्हणजे सोडवायची कटकट होती, मुद्दाम मारायची गोष्ट नव्हती.

इथे नेड्रियन सीमन येतात. हे क्रिस्टलोग्राफर, म्हणजे क्रिस्टलमधून रेणूंची रचना शोधणारे, आणि त्यांना क्रिस्टल मनासारखे येत नव्हते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या एका पबमध्ये बसले असताना त्यांना एशर या चित्रकाराचं माशांचं चित्र आठवलं, रांगेत एकसारखे पोहणारे मासे, आणि सुचलं की डीएनएचे फाटे जोडून अशीच जाळी स्वतः बांधता येईल. १९८२ चा त्यांचा पेपर म्हणजे डीएनए नॅनोटेक्नॉलॉजीची सुरुवात मानतात. १९९१ मध्ये त्यांनी आणि चेन यांनी डीएनएचा क्यूब केला, जो नीट बघितला तर सहा रिंगा एकमेकांत अडकवलेली साखळीच आहे. आणि त्याच वर्षी त्यांच्या लॅबने एकेरी डीएनएच्या धाग्यापासून ठरवून गाठ केली.

यातली युक्ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा कळली तेव्हा मला विश्वास बसेना. गाठीचं चित्र कागदावर काढलं की त्यात काय असतं, धागा धाग्यावरून जातो ती ठिकाणं, म्हणजे क्रॉसिंग. आणि डबल हेलिक्समध्ये दोन धागे एकमेकांवरून सतत जातच असतात, एक पूर्ण पीळ साधारण साडेदहा अक्षरजोड्यांचा (अक्षरं म्हणजे डीएनएचे ए, टी, जी, सी हे घटक, ए टीशी जुळतो आणि जी सीशी), त्यात दोन क्रॉसिंग. म्हणजे अर्धा पीळ घातला की एक क्रॉसिंग तयार! मग धाग्याचे कुठले तुकडे एकमेकांशी जुळतील एवढं अक्षरांत लिहायचं, ते जुळले की शेवटी दोन्ही टोकं एन्झाइमने चिकटवायची, गाठ कायमची बंद. नेहमीचा डीएनए उजवा पीळ घेतो, पण काही क्षारांच्या द्रावणात ठरावीक अक्षरांचा तुकडा डावा पीळ घेतो, त्याला झेड-डीएनए म्हणतात, आणि डाव्या पिळाचं क्रॉसिंग उलट्या चिन्हाचं, म्हणजे वरून जाणारा धागा खालून आणि खालचा वरून. त्यामुळे १९९५ मध्ये सीमनच्या ग्रुपला एकाच धाग्यातून, फक्त द्रावण बदलून, तीन क्रॉसिंगची ट्रेफॉइलही मिळाली आणि चार क्रॉसिंगची इंग्रजी आठसारखी गाठही. १९९६ मध्ये त्यांनी आरएनएची गाठ केली आणि तिच्यावर तपासून दाखवलं की ई. कोलायचं टोपोआयसोमरेज-३ आरएनएचा धागाही तोडून जोडू शकतं.

मग काही काळ गाडी वेगळ्या रुळावर गेली. २००६ मध्ये रॉथमंड यांचं डीएनए ओरिगामी आलं, एक लांब धागा आणि त्याला जागोजागी टाचणारे दोनेकशे छोटे तुकडे, आणि ते इतकं सहज जमायचं की सगळेच तिकडे वळले. एकाच धाग्याने सगळं करायचं हा नाद थोड्यांनीच धरला. २००४ चा शी, क्विस्पे आणि जॉइस यांचा ऑक्टाहेड्रॉन (आठ बाजूंचा घनाकार) जवळपास तसा होता, १६६९ अक्षरांचा धागा, पण मदतीला पाच छोटे तुकडे लागलेच. २०१७ मध्ये दहा हजार अक्षरांपर्यंतचे एकधागी आकार आले, त्यात गाठ पडणारच नाही असं मुद्दाम डिझाइन केलेलं. याला मी पळवाट म्हणणार नाही, तो शहाणपणाच होता, कारण एवढा लांब धागा स्वतःतून ओवायचा तर मधेच अडकून बसायची भीती.

पण ओवायचंच असेल तर? त्याचं उत्तर २०१६ मध्येच स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाहून आलं होतं. रोमान येराला यांचा ग्रुप मूळचा प्रोटीनवाला, २०१३ मध्ये त्यांनी एकाच प्रोटीन साखळीचा टेट्राहेड्रॉन (चार बाजूंचा घनाकार) घडवलेला. डीएनएमध्ये त्यांनी चौकोनी तळाचा पिरॅमिड घेतला, एकच धागा, भरपूर गाठींचा. (टोकं मोकळी असल्यामुळे गणितवाले कदाचित याला गाठ म्हणणार नाहीत, पण ओवण्याची अडचण तीच आहे.) जी-सी जास्त असलेले तुकडे जास्त तापमानाला जुळतात, ए-टीवाले नंतर, म्हणजे थंड होताना कोण आधी कोण नंतर हे आपण तुकड्यांच्या ताकदीने ठरवू शकतो. त्यांनी तेच तुकडे, तोच शेवटचा आकार ठेवून धाग्यावरची मांडणी फक्त बदलली आणि वेगवेगळी डिझाइन्स ताडून पाहिली. नीट घडलं एकच, ज्यात प्रत्येक ओवण्याच्या वेळी ओवायच्या भागाचं टोक मोकळं राहील अशी काळजी घेतली होती. बाकीच्यांत तुकडे तेच, गाठ तीच, पण वेळ चुकलेली. आणि हे एक डिझाइन हळूहळू थंड केलं तरी जमायचं, एकदम गार केलं तरी जमायचं.

२०१८ मध्ये हाओ यान यांच्या ग्रुपने हे पार पुढे नेलं, डीएनए आणि आरएनए दोन्हींत, ९ पासून ५७ क्रॉसिंगपर्यंतच्या गाठी. ५७ म्हणजे हातात दोरी घेऊन मारायला बसलात तरी कुठेतरी चुकणारच. आरएनएकडे मात्र अजून एक सोय आहे जी मला सगळ्यात जास्त खुणावते. २०१४ मध्ये गिअरी, रॉथमंड आणि अँडरसन यांनी दाखवलं की आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइममधून तो बाहेर पडत असतानाच त्याला घडी घालता येते. तिथे धागा एका बाजूने, अक्षरामागून अक्षर बाहेर येतो, आधी बाहेर आलेला भाग आधी जुळायला मोकळा आणि मागचा अजून बनायचाच असतो, म्हणजे येराला यांनी जो क्रम तुकड्यांच्या ताकदीने बसवला तसा एक क्रम तिथे मुळातच हजर आहे.