सिनॅमन रोलचं पीठ उन्हात ठेवू नका

‘यीस्टला ऊब लागते, परात गच्चीवर उन्हात ठेव, पीठ लगेच दुप्पट होतं.’ घरी सिनॅमन रोल, म्हणजे दालचिनी-साखर भरून गुंडाळलेले गोड पाव, करणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. थंड देशांतल्या पाककृतींत ‘उबदार जागी ठेवा’ लिहितात, ते तिथं बरोबरच आहे. परभणी-नांदेडात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो; आपल्याला आणखी ऊब कशाला?

यीस्ट २५ ते ३५ अंशांत छान काम करतं, त्याच्या फार वर मंदावतं आणि ६० अंशांच्या आसपास मरतं. उन्हातली स्टीलची परात तर हवेहूनही जास्त तापते. पण त्याआधीच पिठातलं लोणी दगा देतं. ते ३२ ते ३५ अंशांत वितळतं. मग पीठ तेलकट, चिकट होतं, गुंडाळी धड बसत नाही आणि दालचिनी-साखर पाघळून ट्रेच्या तळाशी करपते. घाईनं फुगलेल्या पिठाला चवही बेताचीच. उन्हाळ्यात इन्स्टंट यीस्ट थोडं कमी घेऊन थेट मैद्यात मिसळा, फ्रीजमधल्या दुधात मळा. पीठ घरातच दुप्पट होऊ द्या, मग रोल कापून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून, टम्म फुगले की १८० अंशांवर भाजा. जानेवारीच्या थंडीत मात्र बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवायला हरकत नाही.

आणि हो, दालचिनी पिठात मळू नका, सारणातच घाला. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड हे सुगंधी द्रव्य यीस्टला रोखतं.