आरोपीच्या पिंजऱ्यात गाण्याचा व्हिडिओ

२००५ साली कॅनडाच्या मचम्युझिक वाहिनीवर ‘व्हिडिओ ऑन ट्रायल’ हा कार्यक्रम सुरू झाला. अर्ध्या तासात पाच गाजलेले व्हिडिओ आरोपी म्हणून उभे करायचे, पाच जणांच्या ज्यूरीने त्यांची मनसोक्त टर उडवायची आणि शेवटी शिक्षा ठोठवायची. ज्यूरीत बहुतेक तरुण विनोदी कलाकार असत. डेब्रा डिजिओव्हानी, ट्रेव्हर बोरिस, रॉन स्पार्क्स ही नावे त्यातूनच कॅनडाभर घरोघरी पोचली. ज्यूरी एका टेबलाभोवती बसलेली नसे. एकेक जण एकटा कॅमेऱ्यापुढे बोलायचा आणि संकलनात एकाच्या वाक्याला दुसऱ्याचे वाक्य असे जोडले जायचे, की सगळे एकाच सोफ्यावर बसून शेरे मारताहेत असे वाटावे.

कल्पना नवी वाटते, पण तिची मुळे बरीच मागे जातात. गाण्याला ज्यूरीपुढे उभे करण्याचा प्रयोग अमेरिकेत पन्नासच्या दशकातच झाला होता. तो खऱ्या अर्थाने रुजला ब्रिटनमध्ये, १९५९ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’मुळे. सूत्रसंचालक डेव्हिड जेकब्ज नवी रेकॉर्ड लावत आणि पाहुणे मत देत. गाणे चालणार असे ठरले तर घंटी, पडणार असे ठरले तर भोंगा. ७ डिसेंबर १९६३च्या भागात चारही बीटल्स ज्यूरी म्हणून बसले होते. त्या कार्यक्रमातली एक युक्ती मला फार महत्त्वाची वाटते. कधीकधी ज्या गायकाच्या रेकॉर्डबद्दल बोलणे चालू असे, तो पडद्याआड बसून सगळे ऐकत असे आणि निकालानंतर बाहेर येऊन ज्यूरीशी हस्तांदोलन करी. ज्याने नुकतीच रेकॉर्ड मोडीत काढली, त्याला त्याच माणसाच्या डोळ्यांत बघावे लागे. ‘व्हिडिओ ऑन ट्रायल’मध्ये हा पडदा राहिला नव्हता. आरोपी कधी समोर येतच नसे, त्यामुळे जिभेला लगामही नसे.

मधल्या काळात गाण्याला चेहरा मिळाला. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली. ३१ ऑगस्ट १९८४ रोजी टोरांटोत मोझेस झ्नायमर आणि जॉन मार्टिन यांची मचम्युझिक आली. व्हिडिओ म्हणजे मुळात जाहिरात. रेकॉर्ड कंपनी तो स्वतःच्या खर्चाने बनवायची आणि वाहिनीला द्यायची. तोच व्हिडिओ दिवसातून अनेकदा दिसायचा. प्रेक्षकाला पुढे ढकलायची सोय नव्हती, म्हणून त्याला पावसात भिजणारा गिटारवादक, विनाकारण उडणारी कबुतरे, पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे केस हे सगळे पाठ होई. एखादी गोष्ट इतक्या वेळा पाहिली की तिच्यातली खोट डोळ्यात भरतेच. या विनोदाचा कच्चा माल तिथे तयार झाला.

तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला एमटीव्हीनेच. १९९३मध्ये माइक जज यांची ‘बीव्हिस अँड बटहेड’ ही कार्टून मालिका आली. दोन टवाळ पोरे सोफ्यावर बसून वाहिनीचेच व्हिडिओ पाहतात आणि नावे ठेवतात. त्यांच्या शेऱ्यांना बाजारात वजन आले. त्यांनी डोक्यावर घेतलेल्या व्हाइट झॉम्बी या बँडचा खप वाढला. उलट विंगर या बँडचे नाव मालिकेतल्या सगळ्यांच्या थट्टेचा विषय असलेल्या स्टुअर्टच्या टी-शर्टवर कायमचे चिकटले. १९९६मध्ये व्हीएच१ या अमेरिकन संगीतवाहिनीवर ‘पॉप-अप व्हिडिओ’ आला. त्यात बोलणारे कोणीच नव्हते, चालू व्हिडिओवर बुडबुडे उमटत आणि त्यात पडद्यामागची माहिती असे. विनोदी कलाकारांना एकेकटे बसवून जुन्या आठवणींवर बोलते करण्याची पद्धत मात्र बीबीसीच्या ‘आय लव्ह’ मालिकेतली. ती २००२मध्ये व्हीएच१ने अमेरिकेत आणली. ‘व्हिडिओ ऑन ट्रायल’चा साचा थेट इथून आलेला दिसतो.

पण साचा अमेरिकन म्हणून कार्यक्रमही अमेरिकन, असे म्हटले तर मचम्युझिकवर अन्याय होईल. ही वाहिनी १९८७पासून टोरांटोतल्या क्वीन स्ट्रीट वेस्ट या रस्त्यावरच्या २९९ क्रमांकाच्या इमारतीत होती. तिचा स्टुडिओ रस्त्यालगत, मोठमोठ्या काचांमागे होता. निवेदक बोलत असताना पाठीमागून जाणारे-येणारे लोक दिसत, हात हलवत. त्याच इमारतीच्या कोपऱ्यावर सिटीटीव्ही या भावंड वाहिनीची ‘स्पीकर्स कॉर्नर’ नावाची खोकेवजा खोली होती. नाणे टाकायचे आणि कॅमेऱ्यापुढे मनाला येईल ते बोलायचे. त्यातले निवडक पुढे टीव्हीवर दाखवले जाई. एकटा माणूस, एक कॅमेरा आणि मोकळी जीभ, हे दृश्य त्या घराला ज्यूरी येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचे होते. नव्वदच्या दशकात याच वाहिनीवर ‘फ्रोमाज’ हा वर्षअखेरीचा खास कार्यक्रम असे. फ्रोमाज म्हणजे फ्रेंचमध्ये चीज, आणि इंग्रजीत भडक, बेगडी गोष्टीला चीजी म्हणतात. तोंडात सिगार असलेला एड द सॉक हा मोजा-बाहुला त्यात वर्षातले सर्वांत बेगडी व्हिडिओ निवडून सोलून काढायचा. घरचाच माणूस घरच्या मालाची उघड चिरफाड करतो, ही सवय प्रेक्षकांना त्यानेच लावली.

यामागे कॅनडाची एक जुनी जखमही आहे. शेजारच्या अमेरिकेच्या गाण्यांखाली आपले गायक दबून जातात, म्हणून १९७१पासून रेडिओवर ३० टक्के कॅनेडियन संगीत वाजवणे बंधनकारक झाले. व्हिडिओ बनवायला पैसा हवा म्हणून १९८४मध्येच मचम्युझिकच्या पाठबळाने व्हिडिओफॅक्ट हा निधी उभा राहिला. अमेरिकेच्या बड्या कलाकाराचा खर्चिक व्हिडिओ आरोपी म्हणून उभा राहिला की टोरांटोतल्या नवख्या विनोदवीराला त्याच्यावर हात साफ करताना जो आनंद होई, तो या इतिहासामुळे. तिथे हा कार्यक्रम सर्वांत चांगला होता. कथानकातला फोलपणा, पैशाचे प्रदर्शन, उसनी मर्दानगी यांवर बोट ठेवताना ज्यूरी अचूक असे. गायिकेच्या अंगावर, वजनावर, नाकावर घसरली की मात्र ती नुसती कुचाळकी होई, आणि हे वारंवार घडले. पडद्याआडचा तो गायक तेव्हा फार आठवतो.

२००५च्याच एप्रिलमध्ये यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली. काही वर्षांतच व्हिडिओसाठी वाहिनीपुढे ताटकळायची गरज उरली नाही. हवे ते गाणे हवे तेव्हा, नको तिथे बंद. २०१३मध्ये मचम्युझिकने नावातले म्युझिक काढून टाकले, २०१४मध्ये ‘व्हिडिओ ऑन ट्रायल’ संपला. पुढे मचफॅक्ट नाव घेतलेल्या त्या निधीला पैसे देण्याच्या अटीतून प्रसारण नियामकाने २०१७मध्ये वाहिनीला मोकळे केले.

असे कार्यक्रम जपणेही अवघड असते. ‘बीव्हिस अँड बटहेड’ डीव्हीडीवर आली तेव्हा गाण्यांच्या हक्कांच्या अडचणीमुळे बहुतेक व्हिडिओंचे तुकडे गाळावे लागले. सोफ्यावरची दोन पोरे, त्यांचा टीव्ही आणि समोर चाललेले गाणे, हा मालिकेचा गाभाच त्या तबकड्यांमधून बव्हंशी गायब आहे.