आरशाची लेन्स की काचेची: एफ/८ चा जुना घोळ

१९४१ मध्ये एका सोव्हिएत प्रकाशतज्ज्ञाने गोल आरशाचा दोष वाटीसारख्या जाड भिंगाने काढायची युक्ती शोधली. ती दुर्बिणीसाठी होती, पण त्याच रचनेवरून पुढे ५०० आणि १००० मिमी नाभीय अंतराच्या, एमटीओ नावाच्या कॅमेऱ्याच्या लेन्स निघाल्या. अशा मिरर लेन्सची, म्हणजे मुख्यतः आरशांनी चित्र बनवणाऱ्या लेन्सची, खरी चलती मात्र सत्तर-ऐंशीच्या दशकांत झाली. तेव्हा काचेच्या ५०० मिमी लेन्समधल्या जांभळ्या कडा घालवायला रंग कमी फोडणारी महागडी लो-डिस्पर्शन काच लागे. आरसा रंग फोडतच नाही, त्यामुळे तो खर्च वाचला. प्रकाशाची वाट दुमडल्यामुळे लेन्स वीतभर लांबीची झाली.

घोळ झाला तो आकड्यात. एफ/८ म्हणजे नाभीय अंतराच्या आठव्या भागाएवढा व्यास. ५०० ला ८ ने भागले की ६२.५ मिमी येतात. तेवढा पुढचा व्यास असला की लेन्सवर ‘एफ/८’ छापायला उत्पादक मोकळा. पण मधोमध, मोठ्या आरशाचा प्रकाश मागे कॅमेऱ्याकडे परतवणारा दुसरा छोटा आरसा बसलेला असतो. तो २८ मिमीचा धरला तरी २० टक्के क्षेत्रफळ झाकले जाते. उरलेला प्रकाश दोन आरशांवरून येतो. साध्या ॲल्युमिनियम मुलाम्यावर दर वेळी बारा-एक टक्के जातात आणि शेवटी जेमतेम ६२ टक्के हाती लागतात. म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात ही लेन्स एफ/१० ची. काचेच्या लेन्समध्येही थोडा प्रकाश मुरतो, पण इतका नाही. कॅमेऱ्यातला मीटर हे आपोआप सांभाळून घेतो. हातातला मीटर वापरणाऱ्यांच्या स्लाइड मात्र दोन-तृतीयांश स्टॉप काळ्या येत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). सिनेमाच्या लेन्सवर प्रत्यक्ष पोचणाऱ्या प्रकाशाचा टी-आकडा छापायची पद्धत होती. स्थिरचित्रणवाल्यांनी ती उचलली नाही, आणि ही सोयीस्कर चूकच म्हणावी लागेल. एफ/८ अगदीच खोटे नव्हे, कारण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे जेवढे स्पष्ट दिसते ती खोली, बाहेरच्या व्यासावर ठरते आणि ती एफ/८ चीच मिळते. म्हणजे फोकसची चूक एफ/८ इतकी महाग आणि प्रकाश एफ/१० इतकाच.

ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे भोक, बदलता येत नाही. ते लहान करणारी पाती बसवून मिटत आणली तर मधला आरसाच बहुतेक वाट अडवेल. प्रकाश कमी करायला मागच्या बाजूला एनडी, म्हणजे नुसता प्रकाश घटवणारा करडा फिल्टर लावतात. मधल्या आरशामुळे फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका मेदूवड्यासारखा उमटतो. भिगवणच्या पाण्यावर उलट्या उन्हात फ्लेमिंगो टिपले तर मागे वड्यांची ताटेच मांडलेली दिसतात.

फोकस जुळवणेही अवघड होते. जुन्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये त्यासाठी असलेल्या स्प्लिट-प्रिझमचा अर्धा भाग एफ/८ ला काळा पडे. त्यात भर म्हणजे फोकस रिंग अनंताच्या पुढेही फिरते. तापमानाने नळी प्रसरण पावते म्हणून ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. रिंग टोकाला नेऊन ‘अनंत झाले’ समजणाऱ्याचा चंद्र हमखास धूसर येतो. १९८९ च्या सुमारास एका जपानी कंपनीने ऑटोफोकस असलेली ५०० मिमी मिरर लेन्स आणली, पण तो प्रयोग इतरांनी उचलला नाही.

मिररलेस, म्हणजे बॉडीत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांतल्या फोकस पीकिंगने (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवण्याची सोय) आणि मोठ्या करून दिसणाऱ्या चित्राने या लेन्सना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. बॉडीतले स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताच्या थरथरीची भरपाई करणारी सोय, वापरताना ५०० हा आकडा हाताने भरावा लागतो, नाहीतर भरपाई चुकते. तोवर काचेच्या लेन्सही हलक्या झाल्या होत्या. २०१८ मध्ये फ्रेनेल घटकाची (वर्तुळाकार खाचांचे पातळ भिंग असलेली) ५०० मिमी एफ/५.६ लेन्स १,४६० ग्रॅमवर आली. २०२० मध्ये ९३० ग्रॅमची ६०० मिमी एफ/११ आली, तीही ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशनसह. वजनाचा मुद्दा तिथेच बराचसा निकालात निघाला.

जुनी मिरर लेन्स घेताना मागचा छोटा फिल्टर जागेवर आहे का ते पाहावे. पुष्कळ लेन्समध्ये तो प्रकाशरचनेचाच भाग असतो. तो नसेल तर निदान तेवढ्याच जाडीची साधी काच बसवून घ्यावी.